सहा सुट्ट्या आणि सव्वीस जण : कर्जछाननी शिकवण्याचा अनुभव

२२ एप्रिल २०२५ रोजी, मंगळवारी दुपारी, आमच्या बँकेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी मला बोलावले आणि तपासणी अहवालातील एका परिच्छेदावर बोट ठेवून तो मोठ्याने वाचायला सांगितला. व्यापारी कर्जांची छाननी वरवरची होते, परतफेडीच्या क्षमतेपेक्षा तारणाच्या किमतीवर भर दिला जातो आणि शाखांमधील कर्मचाऱ्यांना या कामाचे पुरेसे प्रशिक्षण नाही, असा त्याचा आशय होता. मी वाचून थांबले तेव्हा साहेब म्हणाले, "हे प्रशिक्षण तुम्ही द्यायचे." सांगलीतील एका नागरी सहकारी बँकेत मी सव्वीस वर्षे नोकरी केली आहे आणि त्यांतली चौदा वर्षे कर्ज विभागात गेली आहेत. तरीही वर्गासमोर उभे राहून कोणाला काही शिकवण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. शिवाय आणखी एक गोष्ट मनात टोचत होती. माझ्या शिफारशीने मंजूर झालेले एक खाते बुडीत गेलेले होते आणि ते बँकेत सर्वांना माहीत होते.

हे सारे पार पडल्यावर आता लिहिते आहे, कारण लहान सहकारी बँकांमधील अनेकांवर हीच जबाबदारी अचानक येऊन पडते आणि सुरुवात कोठून करावी हे सांगणारे जवळपास कोणी नसते.

सुरुवातीला मी ही जबाबदारी टाळण्याचाच प्रयत्न केला. पुण्यात बँक कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची सोय बरीच आहे, त्यामुळे बाहेरून कोणाला तरी बोलावणे सोपे पडेल असे मला वाटले. २५ एप्रिलला तेथील एका संस्थेकडे दरपत्रक मागितले, ते १४ मे रोजी आले. दोन दिवसांच्या वर्गासाठी १,८०,००० रुपये, त्यावर जीएसटी आणि प्रवासखर्च वेगळा, असा तो आकडा होता. संचालक मंडळाच्या २६ मेच्या सभेत विषय आला, तो दहा मिनिटांत नामंजूर झाला आणि त्याच ठरावात 'बँकेतील अनुभवी अधिकाऱ्यांमार्फत' प्रशिक्षण घेण्यासाठी ७५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चास मान्यता मिळाली. येथे एक सूचना करावीशी वाटते. ठरावात केवळ रक्कम न लिहिता जेवण, झेरॉक्स, वाहन आणि मानधन अशा खर्चाच्या बाबी लिहून घ्याव्यात. मी ते केले नाही, त्यामुळे पुढे प्रत्येक बिलासाठी हिशेब विभागाला वेगळी टिपणी द्यावी लागली.

दिवस ठरवणे हे त्याहून अवघड निघाले. कामाच्या दिवशी शाखेतून दोन माणसे उचलली तर काउंटर बंद पडते, म्हणून दुसरा आणि चौथा शनिवार, म्हणजे सुट्टीचे दिवस, घ्यावे लागले. सुट्टी जाणार म्हटल्यावर कुरकुर झालीच. बदली रजा देण्याचे परिपत्रक ३० मे रोजी निघाले, पण ती दोन महिन्यांच्या आत घ्यावी अशी अट त्यात होती आणि पावसाळ्यात पीककर्जाच्या गर्दीत रजा घेणार कोण, हा जत शाखेच्या अधिकाऱ्याने फोनवर विचारलेला प्रश्न रास्त होता. ती मुदत सहा महिन्यांची करून घेण्यात माझे आठ दिवस गेले. जत आणि आटपाडीहून येणाऱ्यांना पहाटेची एसटी धरावी लागणार होती, म्हणून वर्ग साडेदहाला सुरू करायचा आणि साडेचारला संपवायचाच, असे मी ठरवले. तो नियम मी एकदाही मोडला नाही आणि लोक नाराज न होण्यात त्याचा वाटा मोठा होता असे मला वाटते.

वर्गापूर्वी, शाखांमधून येणार असलेल्या सर्व सव्वीस जणांना मी एक पानाची प्रश्नपत्रिका बंद पाकिटातून पाठवली. त्यात एकच उदाहरण होते: एका व्यापाऱ्याला ५० लाखांचे कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा उचलता आणि भरता येणारे कर्ज) हवे आहे, त्याच्या घराची किंमत १ कोटी १० लाख आहे, दोन नोकरदार जामीनदार आहेत, उलाढाल इतकी आहे आणि नफा इतका आहे, तर कर्ज द्यावे का, आणि कशावरून? एकवीस जणांनी 'द्यावे' असे लिहिले. त्यांतील एकोणीस जणांच्या कारणात घराची किंमत होती. पैसे परत कोठून येतील, यावर चौघांनी एखादे वाक्य लिहिले होते. मला हसू आले नाही, कारण २००५ च्या सुमारास मीही हेच लिहिले असते.

१४ जूनचा पहिला दिवस पूर्णपणे फसला, हे येथे स्पष्टपणे लिहिलेले बरे. मी चौऱ्याऐंशी स्लाइड तयार केल्या होत्या. १९७५ चा टंडन समितीचा अहवाल, खेळत्या भांडवलाच्या, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाच्या, वित्तपुरवठ्याच्या त्यातील पद्धती, नंतरची चोरे समिती, लघुउद्योगांसाठीची नायक समिती, १९९७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरावीक सूत्राची सक्ती काढून बँकांना आपापली पद्धत ठरवण्याची दिलेली मुभा, असा सारा इतिहास मी क्रमाने सांगत गेले. जेवणानंतर मागच्या रांगेतील तिघे झोपले. उरलेल्यांनी सौजन्याने वह्या भरल्या. सायंकाळी विटा शाखेतील एक तरुण अधिकारी जाताना थांबला आणि म्हणाला, "मॅडम, हे सगळं परीक्षेला वाचलं होतं हो. पण फाईल पुढ्यात आली की नेमकं कुठलं पान आधी उघडायचं, ते कुणी सांगत नाही." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. उरलेल्या पाच दिवसांसाठी मी स्लाइड वापरल्याच नाहीत.

पान कोणते उघडायचे हे फाईल हातात दिल्याशिवाय शिकवता येत नाही, म्हणून जुन्या आणि बंद झालेल्या कर्जांच्या खऱ्या फाईली वर्गात वापरण्याची परवानगी मी १६ जूनला मागितली. ग्राहकाची गोपनीयता हा गंभीर विषय आहे आणि अनुपालन अधिकाऱ्यांनी अकरा दिवस घेतले याबद्दल माझी तक्रार नाही. परवानगी वर्गाच्या आदल्या संध्याकाळी आली, एवढेच. नाव, पत्ता, पॅन, जीएसटी क्रमांक, खाते क्रमांक, गट क्रमांक आणि सही झाकायची, अशी अट होती. काळ्या मार्करने खोडलेले अक्षर कागद उजेडाकडे धरला की वाचता येते, हे आमच्या शिपाई मामांनी दाखवून दिले. त्यावर उपाय त्यांनीच सांगितला: खोडलेल्या कागदाची झेरॉक्स काढायची आणि वर्गात तीच वाटायची. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही दोघे तेच करत बसलो होतो.

२८ जूनला पहिली फाईल टेबलावर पडली ती तासगावकडच्या एका बेदाणा व्यापाऱ्याची. चार-पाच जणांचे गट केले आणि केवळ ताळेबंदावरून या माणसाचा धंदा कसा चालतो ते सांगा, असे म्हटले. ३१ मार्चच्या ताळेबंदात मालाचा साठा प्रचंड दिसत होता आणि एका गटाने 'माल खपत नाही' असा निष्कर्ष काढला. त्यावर तासगाव शाखेच्या बाई उसळून म्हणाल्या की मार्च-एप्रिलमध्ये बेदाण्याचा हंगाम असतो, माल तेव्हा शीतगृहात भरला जातो आणि पुढचे आठ-नऊ महिने विकला जातो, तर मार्चअखेर साठा दिसणार नाही तर काय दिसणार! त्या क्षणी वर्ग जिवंत झाला. आपल्या भागातील माणसांना बेदाणा, हळद आणि ऊस यांची वर्षभराची चाल पाठ असते. ते ज्ञान आणि ताळेबंदातील आकडे यांची गाठ त्यांच्या मनात कोणी घालून दिलेली नसते.

याच फाईलवर मी उलाढालीची पद्धत घेतली. नायक समितीच्या सूत्रानुसार अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के इतकी खेळत्या भांडवलाची गरज धरतात. त्यांपैकी उलाढालीच्या ५ टक्के कर्जदाराने स्वतः आणायचे आणि २० टक्के बँकेने द्यायचे. ४ कोटींच्या उलाढालीला गरज १ कोटी, व्यापाऱ्याचे २० लाख आणि बँकेचे ८० लाख. गणित सर्वांना आले. मग मी विचारले की हे ८० लाख एप्रिलमध्ये पुरतील का, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचे काय होईल? या सूत्रामागे वर्षातून साधारण चार वेळा पैसा फिरतो असे गृहीत आहे. हंगामी व्यापाऱ्याचा पैसा तसा फिरत नाही. त्याला खरेदीच्या तीन महिन्यांत अधिक लागतो आणि दिवाळीनंतर मर्यादा रिकामी पडते. ती रिकामी मर्यादा प्लॉट घेण्यात किंवा मेहुण्याच्या दुकानात जाते. पुढच्या हंगामाला पैसा कमी पडला की व्यापारी मर्यादा वाढवून मागतो आणि आपण धंदा वाढला असे समजून ती देतो. हंगामातील आणि हंगामाबाहेरील मर्यादा वेगवेगळ्या मंजूर करण्याची तरतूद बहुतेक बँकांच्या कर्जधोरणात असते. आमच्याही होती, पण त्या दिवशी वर्गात बसलेल्यांपैकी ती कोणी वापरलेली नव्हती.

१२ जुलैच्या दोन्ही सत्रांसाठी मी मिरजेत राहणाऱ्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या निवृत्त अधिकाऱ्यांना बोलावले. प्रत्येक सत्राला ५,००० रुपये मानधन ठरले. त्यांनी कोणतेही सूत्र न सांगता सकाळभर केवळ खातेउतारे वाचून घेतले. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत एकाच भागीदार फर्मकडून येणारी आणि पुढच्या तीन तारखेला परत जाणारी मोठी रक्कम म्हणजे विक्री नव्हे. खात्यातील एकूण जमा आणि जीएसटी विवरणपत्रांतील विक्री यांत मोठी तफावत असेल तर व्यापारी एक तर दुसऱ्या बँकेत खाते चालवतो किंवा विक्री फुगवतो. परत गेलेले धनादेश मोजताना कर्जदाराने दिलेले आणि त्याला आलेले वेगळे मोजायचे, कारण पहिल्यात त्याची स्वतःची तंगी दिसते आणि दुसऱ्यात त्याच्या गिऱ्हाइकांची. असे एकेक ते सांगत गेले आणि सव्वीस माणसे डोके वर न काढता उताऱ्यावर खुणा करत राहिली.

दुपारी त्यांनी उचलीची मर्यादा, म्हणजे साठा आणि येणी पाहून खात्यातून किती रक्कम उचलू द्यायची तो आकडा, आपण सारे ज्याला ड्रॉइंग पॉवर म्हणतो ती, काढायला दिली. साठा ६० लाख, त्यापोटी देणे असलेले धनको २२ लाख, नव्वद दिवसांच्या आतील येणी (गिऱ्हाइकांकडून यायची रक्कम) ४० लाख, साठ्यावर २५ टक्के आणि येण्यांवर ४० टक्के मार्जिन (ज्यावर बँक उचल देत नाही तो हिस्सा), असे आकडे होते. अकरा जणांनी ६९ लाख हे उत्तर काढले. बरोबर उत्तर साडेबावन्न लाख होते, कारण ज्या मालाचे पैसे व्यापाऱ्याने अजून चुकते केलेले नाहीत तो माल बँकेच्या पैशातून घेतलेला नाही आणि त्यावर उचल देता येत नाही. धनको आधी वजा करायचे आणि मग मार्जिन लावायचे. साडेसोळा लाखांचा हा फरक शाखेत रोज घडतो, कारण स्टॉक स्टेटमेंटच्या, म्हणजे व्यापारी बँकेला देतो त्या साठ्याच्या विवरणाच्या, छापील नमुन्यात धनकोंचा रकाना असतो आणि तो कोरा आला तरी कोणी परत पाठवत नाही.

या मानधनावरून एक किरकोळ घोळ झाला. हिशेब विभागाने १०,००० रुपयांतून १,००० रुपये टीडीएस म्हणून कापले. व्यावसायिक सेवांच्या शुल्कासाठी कपातीची वार्षिक मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून ५०,००० रुपये झाली आहे, आणि आधीच्या मर्यादेनेही येथे कपात लागत नव्हती. ते पैसे परत मिळायला पंधरा दिवस गेले. तोवर त्या गृहस्थांनी एकदाही विचारणा केली नाही, म्हणून मलाच अधिक ओशाळे वाटले.

२६ जुलैला आम्ही वर्ग सोडून मार्केट यार्डातील एका हळदीच्या गोदामात गेलो. व्यापाऱ्याची संमती मी आधी घेतली होती. वाहनाचे एकूण ७,२०० रुपये लागले आणि सहा दिवसांतील हा खर्च मला सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो. बाहेर संततधार होती आणि आत हळदीचा उग्र वास. स्टॉक स्टेटमेंटमध्ये १,१४० पोती दाखवलेली होती. गटांनी थप्पीची लांबी, रुंदी आणि उंची मोजून गुणाकार केला आणि आकडा जवळपास जुळला तेव्हा सर्वांचे चेहरे खुलले. मी त्यांना थप्पी आतून भरीव आहे हे कशावरून म्हणता, असे विचारले. मग दोघे शिडी लावून वर चढले. थप्पी भरीव होती. परंतु वर चढलेल्यांपैकी एकाला काही पोत्यांवरच्या खुणा वेगळ्या दिसल्या आणि त्याने सहज हमालाला विचारले. "ती शेतकऱ्यांची हायती की ओ. भाव येईपर्यंत ठेवल्यात," असे उत्तर आले. अडत्याच्या गोदामात शेतकऱ्याचा न विकलेला माल असतो, हे सांगलीत लहान मुलालाही ठाऊक आहे. तरी तो माल व्यापाऱ्याच्या मालकीचा नाही आणि त्यामुळे बँकेकडे नजरगहाण (माल कर्जदाराच्याच ताब्यात ठेवून दिलेले तारण) होऊ शकत नाही, हा विचार आमच्यापैकी कोणी, माझ्यासह, कधी केलेला नव्हता. अशी ३१० पोती निघाली. व्यापाऱ्याने कोणतीही लबाडी केलेली नव्हती. त्याच्या मुनिमाने गोदामातील सगळी पोती मोजून लिहिली होती, आणि आम्ही ती मोजून मान्य केली असती.

गोदामात पाहण्यासारख्या आणखी दोन गोष्टी सांगते. बँकेच्या नावाची पाटी दारावर आहे का, हे बहुतेक जण पाहतात. विमापत्रात त्याच गोदामाचा पत्ता आहे का, रक्कम आजच्या साठ्याला पुरते का आणि पुराची जोखीम त्यात आहे का, हे फार थोडे पाहतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, आणि धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. हरिपूरच्या परिसरात हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे पुराच्या पाण्याने कशी निकामी झाली, हे पाहिलेले लोक आमच्या वर्गातच होते. त्यांना विम्याचे कलम समजावून सांगावे लागले नाही.

पुढचा वर्ग ९ ऑगस्टला होता, पण त्या दिवशी राखी पौर्णिमा आली आणि तेराही महिला सहकाऱ्यांनी मिळून अर्ज दिला. तो मुद्दा मी आधीच कॅलेंडरमध्ये पाहायला हवा होता. वर्ग १७ ऑगस्ट, रविवारी घेतला.

त्या रविवारी मी माझी फाईल घेऊन गेले.

२०१८ मध्ये एमआयडीसीतील एका छोट्या कारखान्याला माझ्या टिपणीवरून कॅश क्रेडिट मंजूर झाले होते आणि एकवीस महिन्यांत ते अनुत्पादित, म्हणजे थकीत, झाले. नावे झाकलेली होती, तरी टिपणीखालची सही मी मुद्दाम झाकली नाही. गटांना फाईल दिली आणि चूक शोधा एवढेच सांगितले. मी टेबलामागे बसले आणि पाण्याची बाटली सारखी उघडत-मिटत राहिले. टिपणीत चालू गुणोत्तर (वर्षभरात रोख होणारी मालमत्ता भागिले वर्षभरात चुकवायची देणी) १.३८ लिहिलेले होते: चालू मालमत्ता १३८ लाख, चालू देणी १०० लाख. पाऊण तासाने मिरज शाखेतील सर्वांत नवीन मुलगी उठली आणि म्हणाली की ८४ लाखांच्या येण्यांपैकी ३३ लाख सहा महिन्यांहून जुनी आहेत, ती वजा केली तर गुणोत्तर १.०५ होते. दुसऱ्या गटाने त्यात भर घातली की दुसऱ्या बँकेच्या मुदत कर्जाचे वर्षभरातील १४ लाखांचे हप्ते चालू देण्यांत धरलेलेच नाहीत, ते धरले तर ०.९२ उरते. तिसऱ्या गटाने उताऱ्यावरून दाखवले की मंजुरीनंतर दोन महिन्यांत १८ लाखांचे यंत्र कॅश क्रेडिटमधून खरेदी झाले आहे. एवढे झाल्यावर खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मी सांगितले की जुन्या येण्यांची यादी त्या वेळीही फाईलला जोडलेली होती. ती एकाच मोठ्या गिऱ्हाइकाकडून येणे होती, मला त्या गिऱ्हाइकाच्या नावाचा भरवसा वाटला आणि मी यादीचे दुसरे पान उलटलेच नाही. हे मी इतक्या वर्षांत घरीही कोणाला सांगितले नव्हते.

त्याच दिवशी तारणाचा भ्रम हा विषय घ्यायचा होता आणि माझ्या फाईलने त्याची वाट मोकळी केली, कारण त्या कर्जाला कारखानदाराची द्राक्षबाग तारण होती. 'सरफेसी आहे ना' हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते; थकीत कर्जाचे तारण न्यायालयात न जाता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना देणारा तो कायदा. २००२ चा हा कायदा सहकारी बँकांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी स्पष्ट केले, आणि तो खटलाही आपल्या शेजारच्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचाच होता. तरी त्या कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवर त्याखाली कारवाई करता येत नाही. सातबारावर बोजा चढवला म्हणून निश्चिंत झालेल्या बँकेला मग सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवून पुढे जावे लागते. त्या फाईलमधील वसुलीच्या तारखा मी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या. फळा भरला आणि रक्कम अजून यायची होती.

अनुत्पादित खात्यांच्या वर्गीकरणावर उरलेला तास गेला. नव्वद दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादित, हे सर्वांना पाठ होते. पण मर्यादेच्या आत असलेले कॅश क्रेडिट खातेही, नव्वद दिवस सलग काही जमा झाले नाही किंवा त्या काळात लावलेल्या व्याजाइतकीही जमा झाली नाही, तर बिघडलेले ठरते. तीन महिन्यांहून जुन्या स्टॉक स्टेटमेंटवर दिलेली उचल अनियमित मानली जाते. आणि एकदा अनुत्पादित झालेले खाते पूर्ण थकबाकी भरल्याशिवाय सुधारत नाही, ही तीन वाक्ये मी सर्वांकडून वहीत लिहून घेतली. मार्चअखेर थोडे व्याज भरून घेतले की खाते वाचते, ही समजूत आमच्याकडे अजून पक्की होती.

शेवटचा दिवस २३ ऑगस्टला ठरला होता, परंतु त्या आठवड्यात कोयनेतून पाणी सोडले गेले, कृष्णा चढू लागली आणि नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्या दोघांना घरचे सामान हलवायचे होते. मग गणपती आले. अखेर १३ सप्टेंबरला तो पार पडला. सकाळी लेखी परीक्षा घेतली आणि दुपारी कर्ज उपसमितीची लुटुपुटूची सभा. चौघे संचालक झाले, बाकीच्यांनी प्रस्ताव मांडले. 'संचालक' झालेल्यांनी इतक्या हुबेहूब आवाजात "अहो, माणूस ओळखीचा आहे, घराणं चांगलं आहे" असे म्हणायला सुरुवात केली की हसून पुरेवाट झाली. नकार देण्याचे पत्र लिहिण्याचा सराव मात्र कोणालाच जमला नाही. 'आपला विचार सहानुभूतीपूर्वक करता येत नाही' यापुढे कोणाची लेखणी सरकेना. कोणती कागदपत्रे किंवा कोणते आकडे सुधारले तर पुन्हा या, असे दोन ओळींत लिहावे, एवढे सांगून मी तो भाग आवरता घेतला. त्यावर वेगळा एक दिवस हवा होता.

परीक्षेत सव्वीसपैकी एकोणीस जणांना साठ टक्क्यांहून अधिक गुण मिळाले. वर्गापूर्वीच्या प्रश्नपत्रिकेतील तेच उदाहरण मी पुन्हा दिले होते. या वेळी सतरा जणांनी 'अधिक माहिती मागवावी' असे लिहून कोणती माहिती ते सांगितले. तिघांनी पुन्हा घराच्या किमतीवरून कर्ज दिले. त्यांपैकी एक जण माझ्याहून ज्येष्ठ आहेत आणि त्यांना काही सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

खर्चाचा हिशेब असा झाला: जेवण दर माणशी १५० रुपयांप्रमाणे सहा दिवसांचे २३,४०० रुपये, टिपणांची छपाई ११,७००, मानधन १०,०००, वाहन ७,२०० आणि झेरॉक्स ६,३४०. एकूण ५८,६४० रुपये. हॉल मुख्य कार्यालयाचाच असल्याने भाडे नव्हते आणि प्रवासभत्ता शाखांच्या खर्चात गेला. हे काम हाती घेणाऱ्यांनी टिपणांची छपाई पहिल्या वर्गानंतरच करावी. माझी पहिली आवृत्ती स्लाइडवर बेतलेली होती आणि त्यांतील निम्मी पाने वाया गेली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, वर्गाला आलेल्या एका अधिकाऱ्याने हळदीच्या अडत्याच्या कॅश क्रेडिटचे नवीकरण रोखून धरले. स्टॉक स्टेटमेंटमधील शेतकऱ्यांचा माल वेगळा दाखवून द्यावा, असे पत्र त्याने दिले होते. वीस वर्षांचा ग्राहक चिडला आणि महिन्याभरात खाते दुसऱ्या बँकेत घेऊन गेला. शाखेचा ६० लाखांचा व्यवहार गेला म्हणून त्या अधिकाऱ्याला खुलासा मागितला गेला, आणि प्रशिक्षण मी दिले म्हणून त्याची एक प्रत मलाही आली. मी उत्तरासोबत २६ जुलैच्या गोदामभेटीची मोजणी आणि सुधारित ड्रॉइंग पॉवरचा तक्ता जोडून पाठवला. त्या कागदावर अद्याप कोणाचाही शेरा आलेला नाही. दुसऱ्या तुकडीसाठी जानेवारीच्या तारखा मात्र मागवल्या आहेत.